रोजच्या वापरातली कल्पक डिझाइन्स: फर्निचर आणि वस्तूंबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भिंतीत मावणारा पलंग, मुलाबरोबर वाढणारी खुर्ची, खिशात मावेल एवढं घडीचं स्टूल. अशा संकल्पनांची चित्रं रोज डोळ्यांसमोरून जातात आणि त्यासोबत तेच ते प्रश्नही येतात. इथे उत्तरं देताना एक कसोटी सगळीकडे लावली आहे: दिवसभर दमलेला माणूस ती वस्तू वापरायला घेईल तेव्हा त्याचं काम कमी होईल की वाढेल?

कल्पक डिझाइन म्हणजे वेगळं दिसणारं डिझाइन का?

नाही. दिसणं वेगळं असू शकतं, पण ती नंतरची गोष्ट. जॉर्ज कारवर्डाइन हा इंग्लंडमधला अभियंता मोटारींच्या सस्पेन्शनवर काम करायचा. स्प्रिंगांच्या जोरावर कुठल्याही स्थितीत तोललेला राहील असा दांडा त्याने तयार केला आणि १९३२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्यातून अँगलपॉइज हा टेबलदिवा आला. बोटाने ढकलला की हलतो, सोडला की तिथेच थांबतो. स्क्रू सैल करा, दिवा वळवा, पुन्हा आवळा, ही सगळी खटपट त्याने काढून टाकली. साध्या टेबलदिव्यापाशी माणूस आपलं काम उजेडाकडे सरकवत राहतो. इथे उजेडच कामापाशी येतो. आजही कितीतरी टेबलदिवे याच तत्त्वावर चालतात, आणि त्यांच्याकडे पाहून कुणी ‘काय कल्पक वस्तू आहे’ असं म्हणत नाही, इतका तो सवयीचा झाला आहे.

एखादी संकल्पना कामाची आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

ती वापरताना किती हालचाली कराव्या लागतील, ते मोजा. चित्र बघताना नेमकं हेच राहून जातं.

सोफा-कम-बेड घ्या. झोपायचं तर समोरचा टीपॉय बाजूला सरकवायचा, उशा उचलून कुठेतरी ठेवायच्या, बैठक पुढे ओढायची, पाठ आडवी करायची, मधल्या फटीवर पातळ गादी घालायची, चादर अंथरायची, पांघरूण कपाटातून काढायचं. सकाळी हेच सगळं उलट्या क्रमाने. पाहुणे आले असतील तर एखाद्या रात्री हे निभतं. रोजचं असेल तर काही आठवड्यांत दोनपैकी एक होतं: तो कायमचा पलंग होऊन बसतो, किंवा तो कधी उघडलाच जात नाही. यात माणसाचा आळस नाही. ज्याने तो आखला त्याने या हालचाली मोजल्याच नव्हत्या.

याच्या शेजारी विल्यम मर्फीचा पलंग ठेवून पाहा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत त्याने भिंतीलगत उभा राहणारा पलंग आणला. गादी आणि अंथरूण पट्ट्यांनी जागच्या जागी धरलेलं राहतं आणि पलंगाचं वजन स्प्रिंगा तोलतात, त्यामुळे वर लोटला की झालं. शंभराहून जास्त वर्षं ही कल्पना टिकली आहे ती या दोन गोष्टींमुळे. तिची अटही तितकीच स्पष्ट आहे: पलंग खाली येतो तिथली जवळजवळ दोन मीटर जमीन रोज रिकामी असायला हवी. तिथे टेबल मांडलंत की मर्फी पलंगही सोफा-कम-बेडच्या वाटेने जातो.

रोज वापरायच्या वस्तूचं रूप पालटायला तीनहून जास्त हालचाली लागत असतील, तर ती घेऊ नका असंच मी सांगेन. आणि मोजताना वस्तूवर आधीच ठेवलेलं सामान उचलण्याचा हिशेबही धरा.

एका वस्तूचे जितके उपयोग जास्त, तितकी ती चांगली, असं नाही का?

उपयोग एकाच वेळी मिळतात की आलटून पालटून, यावर ते ठरतं. खाली खण असलेला पलंग एकाच वेळी पलंगही असतो आणि कपाटही. खिडकीतल्या बैठकीखाली पुस्तकं ठेवली तर दोन्ही कामं एकमेकांच्या आड येत नाहीत. पण टेबलाचा पलंग करायचा तर टेबलावरचं सगळं आधी हलवावं लागतं. पहिल्या प्रकारात जागा खरोखर वाचते. दुसऱ्या प्रकारात जागेची किंमत तुम्ही वेळ देऊन चुकवता, आणि ती रोज चुकवावी लागते.

तिसरा एक प्रकार मला सगळ्यांत आवडतो. वस्तू तीच राहते, फक्त जागा किंवा उंची बदलते. आयलीन ग्रे या आयरिश डिझायनरने १९२७ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समधल्या आपल्या घरासाठी एक गोल काचेचं टेबल केलं. त्याचा खांब मध्यावर नाही, एका कडेला आहे, त्यामुळे पाया पलंगाखाली किंवा सोफ्याखाली सरकतो आणि काच थेट मांडीवर येते. उंची कमी-जास्त होते. ग्रेच्या बहिणीला अंथरुणात बसून न्याहारी करायला आवडायची, तिच्यासाठी ही सोय होती असं सांगितलं जातं. त्यात बिजागरी नाही, घडी नाही, उलगडणारा भाग नाही. लॅपटॉपसाठी आज जी कडेला खांब असलेली टेबलं मिळतात, ती याच कल्पनेची नातवंडं आहेत.

जागा फार कमी आहे. सुरुवात कुठून करू?

फर्निचरपासून नको. तुम्ही त्या जागेत कसे वावरता, तिथून करा.

ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की हिने १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं. माप साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटर. एकेका कामात किती पावलं चालावी लागतात, याचा तिने आधी अभ्यास केला. मग त्या क्रमाने ओटा, सिंक, शेगडी आणि कपाटं मांडली. कोरडं सामान ठेवायला ओतण्याचं तोंड असलेले ॲल्युमिनियमचे छोटे डबे होते, इस्त्रीची फळी भिंतीवरून खाली येत होती, छतावरचा दिवा पट्टीवर सरकत होता, आणि खिडकीशी बसून काम करता यावं म्हणून फिरतं स्टूल होतं. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बसवली गेली. आजच्या सलग ओट्याच्या मॉड्युलर किचनचं मूळ तिथे सापडतं.

तिच्यावर एक रास्त टीकाही झाली. त्या जागेत एकाच माणसाला काम करता येत होतं. दुसरं कुणी मदतीला आलं की अडचण व्हायची. जागा इतकी काटेकोर बसवली की त्या घरात कोण कुणाबरोबर काम करणार, हेही आराखड्यानेच ठरवून टाकलं. छोट्या जागेचं कुठलंही डिझाइन पाहताना हा प्रश्न मनात असू द्या: इथे दुसरा माणूस आला तर?

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. माप घेताना लोक कपाटाची खोली मोजतात, उघड्या ड्रॉवरची मोजत नाहीत. ड्रॉवर पूर्ण बाहेर आल्यावर त्याच्यापुढे उभं राहून वाकायलाही जागा लागते. जमिनीवर चिकटपट्टीने वस्तूचा आकार आखा, उघडलेल्या दारासकट, आणि दोन दिवस त्या रेषा सांभाळून वावरा. जी वस्तू अडणार आहे ती आणण्याआधीच अडते.

घडीचं फर्निचर ही आधुनिक कल्पना आहे का?

मुळीच नाही. प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या १९२२ मध्ये उघडलेल्या थडग्यात तीन भागांत दुमडणारा पलंग मिळाला, बिजागऱ्यांसकट. म्हणजे तीन हजार वर्षांहून जुना.

मग घडीच्या वस्तू इतक्या लवकर खिळखिळ्या का होतात?

कारण सगळा ताण सांध्यावर येतो. खुर्चीत माणूस मागे रेलतो तेव्हा पाठीची उंची लिव्हरसारखी काम करते आणि बिजागरीच्या छोट्या पिनेवर कित्येक पटींनी जोर पडतो. पिन आणि भोक यांत केसभर फट पडली की प्रत्येक वापरात ती वाढत जाते. त्यातून स्क्रू पार्टिकल बोर्डमध्ये बसवलेला असेल तर प्रश्न आणखी बिकट. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुगा आणि तुकडे डिंकात दाबून केलेला तक्ता. त्यात स्क्रूला धरून ठेवणारे लांब तंतू नसतात. एकदा स्क्रू उपटला की त्याच भोकात तो पुन्हा पकड घेत नाही.

घेताना सांधा हाताने हलवून पाहा. आरपार बोल्ट आणि दुसऱ्या बाजूला नट असेल तर चांगलं, लाकडात नुसता स्क्रू असेल तर कमी चांगलं. फर्निचर सुटं करण्याची कला मात्र वेगळी आहे आणि ती फार जुन्या काळीच साधली गेली. मिशाएल टोनेट याने १८५९ मध्ये आणलेली १४ नंबरची खुर्ची वाफेने वाकवलेल्या बीच लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यांतून उभी राहते. अशा ३६ खुर्च्या सुट्या करून एका घनमीटरच्या पेटीत मावत. ती पुन्हा पुन्हा घडी करायची वस्तू नव्हती. एकदा जोडायची आणि वर्षानुवर्षं वापरायची, म्हणून ती टिकली.

पुस्तकांची फळी मधे वाकते. जाड फळी घ्यावी की दुसरं काही?

आधी टेकूंमधलं अंतर कमी करा. फळीवर सलग पुस्तकं रचली असतील आणि दोन टेकूंमधलं अंतर दुप्पट केलं, तर फळीचा झोळ दुप्पट होत नाही, सोळापट होतो. जाडी दुप्पट केली तर तो एक अष्टमांशावर येतो. १८ मिलिमीटरच्या पार्टिकल बोर्डवर पुस्तकं ठेवायची असतील तर साधारण ६० सेंटिमीटरला आधार द्या. शिवाय पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला तक्ता, सततच्या वजनाखाली महिनोन्‌महिने हळूहळू वाकत राहतात. आज सरळ दिसते म्हणून फळी पुढच्या वर्षी सरळ असेल असं नाही.

फळीच्या पुढच्या कडेला खाली एक उभी पट्टी ठोकली की झोळ खूप कमी होतो. चित्रांतल्या हवेत तरंगणाऱ्या लांबलचक, कागदासारख्या पातळ फळ्यांवर बहुधा एखादीच फुलदाणी ठेवलेली असते, त्याचं कारण हेच.

लाकूड, प्लाय की एमडीएफ?

जिथे ताण आणि सांधे आहेत तिथे लाकूड किंवा प्लाय. जिथे नुसता सपाट, रंगवायचा भाग आहे तिथे एमडीएफ चालतो, फक्त पाण्यापासून लांब ठेवा. अस्सल लाकूड हवेतल्या ओलाव्याप्रमाणे रुंदीत फुगतं आणि आक्रसतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून टेबलाची रुंद फळी चौकटीला घट्ट स्क्रूने आवळली तर ती तडकते. चांगला सुतार तिथे सरकायला जागा असलेलं लांबट भोक ठेवतो. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे त्याला ही हालचाल फारशी नसते.

‘सरासरी माणसाच्या मापाचं’ फर्निचर सगळ्यांना बसायला हवं ना?

हा समज मोडून काढणारा अभ्यास अमेरिकी हवाई दलात झाला. कॉकपिट कुठल्या मापाचं करावं हे ठरवण्यासाठी गिल्बर्ट डॅनियल्स याने ४,०६३ वैमानिकांची मापं तपासली. दहा मापांत, म्हणजे उंची, छाती, हाताची लांबी वगैरेंत, सरासरीच्या जवळपास बसणारा एकही वैमानिक निघाला नाही. सरासरीसाठी केलेलं कॉकपिट प्रत्यक्षात कुणासाठीच नव्हतं. मग बसण्याची जागा, पट्टे, पेडल असं सगळं पुढे-मागे करता येईल, या दिशेने विचार वळला.

घरातल्या खुर्चीलाही हेच लागू आहे. बैठक इतक्या उंचीवर हवी की पाय जमिनीला सपाट टेकतील आणि मांडीखाली कड रुतणार नाही. बाजारातल्या बहुतेक खुर्च्या ४३ ते ४६ सेंटिमीटरच्या असतात. कमी उंचीच्या माणसांचे पाय त्यात लोंबतात. पीटर ऑप्सविक या नॉर्वेच्या डिझायनरने १९७२ मध्ये मुलांसाठी ट्रिप ट्रॅप ही खुर्ची केली. दोन तिरक्या बाजूंना खाचा आहेत आणि बैठक व पाय ठेवायची फळी त्या खाचांत वर-खाली सरकवता येते. लहान मूल मोठ्यांच्या टेबलाशी, पाय टेकवून, आपलं आपण बसू शकतं, आणि तीच खुर्ची त्याला मोठेपणीही पुरते. या खुर्चीचा मला फार आदर वाटतो. तिचं माप वर्षातून एखाद्या वेळीच बदलायचं असतं, म्हणून तिथे पाना घेऊन बसावं लागलं तरी हरकत नाही.

वयस्कर किंवा अपंग माणसांसाठी वेगळ्या वस्तू कराव्या लागतात का?

काही वेळा हो. पण पुष्कळदा त्यांच्यासाठी केलेली सुधारणा सगळ्यांनाच हवी असते. सॅम फार्बर याने आपल्या पत्नीला संधिवातामुळे सोलाणं धरताना होणारा त्रास पाहिला आणि १९९० मध्ये ऑक्सो गुड ग्रिप्सची जाड, मऊ, रबरासारख्या मुठीची सोलाणी बाजारात आणली. ती घेणाऱ्यांत धडधाकट हातांचे लोकच कितीतरी होते. अमेरिकी वास्तुरचनाकार रोनाल्ड मेस याने अशा विचाराला १९८० च्या दशकात सर्वसमावेशक डिझाइन असं रूप दिलं. तो स्वतः चाकाच्या खुर्चीत वावरत होता.

खुर्चीचंच बोलायचं तर वयस्कर माणसाला मऊ खोल सोफा सगळ्यांत वाईट. उठताना माणूस पाय मागे घेतो, पुढे झुकतो आणि हातांनी रेटा देतो. म्हणून बैठक थोडी उंच आणि घट्ट हवी, हात बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेले हवेत, आणि बैठकीखाली टाचा मागे घ्यायला मोकळी जागा हवी. या तिसऱ्या गोष्टीकडे जवळजवळ कुणीच बघत नाही. खाली बंद पेटी असलेल्या खुर्चीतून उठणं गुडघे दुखणाऱ्या माणसाला फार कठीण जातं.

लहान मुलं असलेल्या घरात कशाची काळजी घ्यावी?

उंच कपाट आणि ड्रॉवरची मांडणी भिंतीला पक्की करा. ड्रॉवर उघडले की वजन पुढे येतं, मूल त्यावर चढलं की गुरुत्वमध्य पुढच्या पायांच्या बाहेर जातो आणि सगळं अंगावर येतं. अमेरिकेत यासाठी २०२२ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. ड्रॉवर भरलेले, फर्निचर गालिच्यावर ठेवलेलं आणि मूल ओढतं आहे, अशा खऱ्या घरासारख्या स्थितीत चाचणी घ्यावी असं तो सांगतो. एका वेळी एकच ड्रॉवर उघडू देणारी कुलपाची यंत्रणा हे मला फर्निचरमधल्या सगळ्यांत मोलाच्या कल्पनांपैकी एक वाटतं. घडीच्या वस्तूंमध्ये बोट सापडेल अशा फटीही तपासा.

इंटरनेटवर दिसणाऱ्या सुंदर संकल्पना बाजारात का येत नाहीत?

संगणकावरच्या चित्राला वजन नसतं. त्यात बिजागरी काढावी लागत नाही, वायर कुठून जाते ते दाखवावं लागत नाही, फळी वाकत नाही. प्रत्यक्षात आणायचं म्हटलं की साहित्य विरोध करू लागतं. व्हेर्नर पँटन या डॅनिश डिझायनरची एकाच सलग प्लास्टिकची, मागचे पाय नसलेली खुर्ची १९६७ मध्ये उत्पादनात आली; त्याआधी तो कित्येक वर्षं ती करून देणारा उत्पादक शोधत होता. आल्यानंतरही साहित्य पुन्हा पुन्हा बदलावं लागलं. एका प्लास्टिकला ऊन-पावसाने तडे जाऊ लागले म्हणून १९७९ मध्ये उत्पादन थांबवावं लागलं, आणि १९९९ मध्ये ती पॉलिप्रॉपिलीन या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये परत आली. आकार पहिल्या दिवशीच ठरला होता. त्या आकाराला पेलणारं साहित्य मिळायला तीन दशकं गेली.

म्हणून चित्र पाहताना विचारा: हा भाग कशावर वळतो? दोन भाग कसे जोडलेत? ही पुसायची कशी? तिच्यावर माणूस बसलेला एकही फोटो आहे का?

मला एक कल्पना सुचली आहे. पुढे काय करू?

ती ज्या अडचणीतून सुचली त्या अडचणीत लोक आज काय जुगाड करतात, ते पाहा. मॉनिटरखाली ठेवलेली पुस्तकं, टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी, दाराच्या मुठीला अडकवलेली पिशवी, खुर्चीच्या पाठीवर टाकलेले कपडे. यातला प्रत्येक जुगाड सांगतो की इथे एक वस्तू कमी आहे. हान्स वेगनर या डॅनिश डिझायनरने १९५३ मध्ये कपडे काढून ठेवण्यासाठीच एक खुर्ची केली: पाठीचा वरचा भाग कोटाच्या हँगरच्या आकाराचा, बैठक उभी केली की तिच्या कडेवर पँट टांगता येते, आणि खाली बारीकसारीक वस्तूंसाठी कप्पा. खुर्चीवर कपडे टाकण्याची सवय मोडायला त्याने सांगितलं नाही. सवय आहे तशी स्वीकारली.

मग पूर्ण मापात पुठ्ठ्याची प्रतिकृती करा. लहान प्रतिकृती गोड दिसते, पण तिच्याजवळ वाकता येत नाही. जोडणीत हात पोहोचतो का, उघडताना गुडघा आपटतो का, हे पूर्ण मापातच कळतं. पुठ्ठ्यात जमलं की स्वस्त लाकडात करा आणि स्वतः वापरण्याआधी घरातल्या दुसऱ्या कुणाला, काहीही न सांगता, वापरायला द्या. त्यांचा हात पहिल्यांदा कुठे जातो ते बघत राहा, मधे बोलू नका. जेम्स डायसनने पिशवीशिवायच्या व्हॅक्यूम क्लीनरसाठी ५,१२७ नमुने केले. तुमच्या स्टुलाला इतके लागणार नाहीत, पण एकात कधीच भागत नाही.

कल्पना लोकांना दाखवण्याआधी पेटंट घ्यावं का?

संरक्षण हवंच असेल तर आधी अर्ज, मग प्रसिद्धी. अनेक देशांत एकदा कल्पना जाहीर केली की ती ‘नवी’ राहत नाही आणि पेटंटचा हक्क जातो. काही देश ठरावीक मुदतीची सवलत देतात. पेटंट यंत्रणेला, काम करण्याच्या पद्धतीला मिळतं आणि बहुतेक ठिकाणी अर्जापासून २० वर्षं चालतं. नुसत्या आकाराला, दिसण्याला डिझाइन नोंदणी असते. ती वेगळी आणि सहसा स्वस्त.

सुतारकाम येत नाही. तरी घरी काही करता येईल?

नक्की. एन्झो मारी या इटालियन डिझायनरने १९७४ मध्ये साध्या फळ्या आणि खिळे वापरून करता येतील अशा टेबल, खुर्ची, पलंगाचे आराखडे टपालखर्च पाठवणाऱ्या कुणालाही दिले. स्वतःच्या हाताने एक टेबल केलं की चांगलं टेबल ओळखता येतं, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते मला पटतं. पहिल्यांदा स्टूल किंवा बाक करा. तिरका आधार दिल्याशिवाय चौकोनी चौकट कशी डुलते, हे पहिल्याच संध्याकाळी समजेल. त्यानंतर दुकानातल्या टेबलाखाली वाकून पाहिल्याशिवाय तुम्ही ते विकत घेणार नाही.

पर्यावरणाच्या दृष्टीने कुठली वस्तू चांगली?

जी दुरुस्त होते. बांबू, पुनर्वापराचं प्लास्टिक वगैरे शब्दांआधी हे पाहा: तुटणारा भाग वेगळा काढता येतो का, स्क्रू नेहमीचे आहेत का, चिकटवलेले सांधे किती आहेत, आणि पाच वर्षांनी तीच बिजागरी सुटी मिळेल का. डीटर रॅम्स या जर्मन डिझायनरची १९६० सालची भिंतीवरची शेल्फ यंत्रणा आजही तयार होते आणि जुन्या पट्ट्यांवर नव्या फळ्या बसतात. घर बदललं की लोक ती उतरवून बरोबर नेतात आणि भिंत मोठी असेल तर दोन पट्ट्या वाढवतात. विक्रेत्याला बिजागरीचं विचारा. सुटा भाग मिळत नाही असं उत्तर आलं, तर ती बिजागरी जितके दिवस चालेल तितकंच त्या वस्तूचं आयुष्य धरून किंमत ठरवा.